स्वप्नातून आलेली खूण

या, जरा जवळ सरका सगळे. आज राजाची गोष्ट नाही की राक्षसाची नाही. आज एका झोपलेल्या माणसाची गोष्ट. हसताय काय? झोपलेल्या माणसानं नुसतं घोरायचं, त्याची कसली आलीय गोष्ट, असंच ना? ऐका तर खरं.

इंग्लंडात पूर्वेकडं हल नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात कीथ हर्न नावाचा तरुण संशोधक झोपेचा अभ्यास करत होता. तारीख १२ एप्रिल १९७५. सकाळचे आठ वाजून गेलेले, पण ॲलन वर्स्ली नावाचा माणूस प्रयोगशाळेतल्या पलंगावर अजून झोपेतच. त्याच्या डोक्याला, हनुवटीला आणि डोळ्यांच्या कडेला तारा चिकटवलेल्या. तारांची दुसरी टोकं यंत्रात, आणि यंत्राच्या लेखण्या सरकत्या कागदावर वेड्यावाकड्या रेघा ओढताहेत. त्या गिचमिडीत एकाएकी एक सुबक नागमोडी रेघ उठली. डोळे डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं. मोजून आठ वेळा.

ही ठरलेली खूण होती! वर्स्लीला एक विलक्षण सवय होती. स्वप्न चालू असतानाच त्याला उमगायचं की अरे, हे तर स्वप्न आहे. जाग यायची नाही, स्वप्न मोडायचं नाही, आणि तरी भान असायचं. असं भान आलं की डोळे आठ वेळा फिरवायचे, असं दोघांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मेंदूच्या आणि स्नायूंच्या रेघा म्हणत होत्या, माणूस झोपलाय. आणि तोच झोपलेला माणूस आतून कळवत होता की मी स्वप्नात आहे आणि मला ते ठाऊक आहे.

काय म्हणालीस? डोळेच का? हात का नाही हलवला? शाब्बास, नेमका प्रश्न विचारलास! त्याचं उत्तर हवं असेल तर हल सोडून अमेरिकेत शिकागोला जायला हवं, आणि पंचवीसेक वर्षं मागं.

शिकागोच्या विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन नावाचे प्राध्यापक होते. झोप हा त्यांचा ध्यास. १९३८ साली ते आणि त्यांचा एक विद्यार्थी केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह नावाच्या अफाट गुहेत ३२ दिवस जाऊन राहिले होते. कशासाठी? तर जिथं ऊन नाही की चांदणं नाही, तिथं माणसाला २४ ऐवजी २८ तासांचा दिवस पाळता येतो का, ते बघायला. विद्यार्थ्याला बऱ्यापैकी जमलं, गुरुजींना काही जमलं नाही.

या क्लाइटमन यांच्या हाताखाली पुढं यूजीन ॲसेरिन्स्की हा विद्यार्थी आला. झोपेत डोळे आणि पापण्या कशा हलतात ते बघ, असं काम त्याच्या वाट्याला आलं. तुम्हीच सांगा, काय रटाळ काम! त्यात हाताशी यंत्र होतं तेही जुनाट, अडगळीतलं. त्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच तारा जोडून झोपवलं आणि कागद बघत बसला. थोडा वेळ सगळं संथ. मग एकदम डोळ्यांच्या लेखण्या थयथया नाचायला लागल्या, जसा काही मुलगा टक्क जागा होऊन इकडं तिकडं बघतोय. आत जाऊन बघतो तर पोरगं गाढ झोपलेलं.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यंत्र बिघडलंय. खुद्द ॲसेरिन्स्कीलाही आधी तेच वाटलं. झोप म्हणजे मेंदूचं काम थंडावणं, अशीच तेव्हा सर्वांची समजूत होती. पण त्या रेघा त्याच्या मनातून जाईनात. त्यानं यंत्र तपासलं, दुसऱ्या माणसांना झोपवून बघितलं, आणि दर वेळी रात्रीतून काही वेळा डोळे तसेच नाचले. १९५३ साली गुरुशिष्यांनी निबंध छापला. डोळे नाचत असताना झोपलेल्यांना २७ वेळा उठवून विचारलं होतं, आणि त्यांतल्या २० वेळा त्यांनी स्वप्न अगदी तपशिलानं सांगितलं. या झोपेला पुढं रेम झोप असं नाव पडलं. मोठ्या माणसाच्या झोपेत ती साधारण दर दीड तासानं येते. पहिली खेप काही मिनिटांचीच असते, पण पहाटेकडं ती लांबत जाते. म्हणून तर लांबलचक स्वप्नं पहाटेची. वर्स्लीची खूण सकाळी आठनंतर आली ती उगीच नव्हे.

हो, हो, हाताचं सांगतो. विसरलो नाही.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल झुवे नावाचे शास्त्रज्ञ मांजरांच्या झोपेचा अभ्यास करत. रेम झोपेत मांजराचा मेंदू जाग्यासारखा धावतो, पण मानेपासून शेपटीपर्यंत अंग लुळं पडतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मेंदूच्या बुडाशी, मणक्याच्या वरच्या टोकाला जो देठासारखा भाग असतो, तिथून हुकूम सुटतो की आता हातापायांनी हलायचं नाही. झुवे यांनी मांजरांच्या देठातला तेवढाच हुकूम देणारा भाग निकामी केला. मग काय झालं असेल? रेम झोप लागली की ती मांजरं उठायची, दबा धरायची, समोर काही नसताना झडप घालायची, आणि हे सगळं झोपेत! आपल्याही बाबतीत हा बंदोबस्त रोज रात्री होतो. नाहीतर स्वप्नात षटकार मारताना शेजारी झोपलेल्याचं नाकच फुटायचं. पण श्वास चालू राहायला हवा, म्हणून छातीखालचा पडदा या हुकुमातून सुटतो. आणि डोळे हलवणाऱ्या स्नायूंना आज्ञा थेट मेंदूच्या देठातूनच येतात, मणक्यातून जात नाहीत, म्हणून तेही सुटतात. वर्स्लीनं स्वप्नातला हात कितीही जोरात हलवला असता तरी पलंगावरचा हात ढिम्म राहिला असता. स्वप्नात डावीकडं बघितलं तर मात्र पलंगावरचे डोळेही डावीकडं वळतात. हर्ननं हे बरोबर हेरलं होतं.

आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांना स्वप्नात उडता आलंय? सगळ्यांनाच? मग उडताना एकाला तरी वाटलं का, की हे काहीतरी विचित्र चाललंय? नाही ना? स्वप्नात शाळा भरते ती पाण्याखाली, बाई बोलता बोलता मावशी होतात, आणि आपण खुशाल दप्तर उघडून बसतो. खरी गंमत इथंच आहे. स्वप्नात चित्रविचित्र गोष्टी दिसतात याचं नवल नाही. त्या दिसूनही आपल्याला नवल वाटत नाही, याचं नवल.

याचं कारण मेंदूतच आहे. पूर्वीच्या वाड्यात रात्री सगळी माणसं एकदम झोपत नसत. माजघर झोपलेलं असे आणि ओसरीवर गप्पा रंगलेल्या. मेंदूचंही तसंच. रेम झोपेत चित्रं रंगवणारे आणि भीती, आनंद जागवणारे भाग जोरात असतात. पण कपाळामागचा जो भाग ताळा बघतो, 'थांब, हे असं कसं?' म्हणतो, तो बराचसा मंदावलेला असतो. म्हणून स्वप्नातलं सगळं खरं वाटतं. भानाच्या स्वप्नात हाच भाग पुन्हा डोकं वर काढतो. म्युनिकच्या मॅक्स प्लांक संस्थेत शास्त्रज्ञांनी झोपलेल्या माणसाला मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात ठेवून २०१२ साली हे दाखवलं. अशा भानाच्या स्वप्नाला ल्यूसिड ड्रीम म्हणतात. १९१३ साली फ्रेडरिक व्हॅन एडन या डच मनोविकारतज्ज्ञानं स्वतःच्या स्वप्नांवरच्या निबंधात हे नाव वापरलं, तेव्हापासून ते रूढ झालं.

पण गोष्ट त्याहून किती जुनी! ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की झोपेत कधी कधी आतूनच काहीतरी सांगतं की हे स्वप्न आहे. आपल्या मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यांच्या पलीकडची तुरीय अवस्था, अशी मांडणी आहे. स्वप्नातल्या आणि झोपेतल्या ज्ञानाचा आधार घेऊन मन स्थिर करता येतं, असं पतंजलींच्या योगसूत्रांत आहे. तिबेटात नारोपांच्या नावानं चालत आलेल्या सहा साधनांमध्ये एक स्वप्नयोग आहे. साधक भान न सोडता झोपेत उतरायचा सराव करतात.

आणि पॅरिसचे एक सरदार होते, एर्वे द सॅं-दनी. तेराव्या वर्षापासून ते स्वप्नांची वही ठेवायचे. तुमच्याच वयाचे, बघा! त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. एका गावी मुक्कामाला असताना ते रोज एकच अत्तर हुंगायचे, आणि परतल्यावर त्यांनी ती कुपी बंद करून ठेवली. मग नोकराला सांगितलं, मला न कळवता एखाद्या रात्री या अत्तराचे थेंब माझ्या उशीवर टाक. ज्या रात्री थेंब पडले, त्या रात्री स्वप्नात तोच गाव आला. १८६७ साली त्यांनी स्वप्नं कशी वळवावीत यावर पुस्तक छापलं, तेही स्वतःचं नाव न घालता.

पण हे सगळे जागे झाल्यावर सांगणारे. शंका घेणारे म्हणत, कशावरून तुम्ही क्षणभर जागेच झाला नव्हता? हलच्या कागदावरच्या त्या आठ नागमोडी वळणांनी पहिल्यांदा पुरावा दिला. तिकडं कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांना हलची काही खबर नव्हती. त्यांनीही स्वतंत्रपणे हीच डोळ्यांची युक्ती शोधली आणि स्वतःच झोपून खुणा केल्या. मोठ्या नियतकालिकांनी त्यांचा निबंध परत पाठवला, शेवटी १९८१ साली तो दुसरीकडं छापून आला.

खूण करता येते म्हटल्यावर प्रश्नांची रांगच लागली. स्वप्नातला वेळ झरझर पळतो का? लाबर्ज यांनी स्वप्नात डोळ्यांनी खूण केली, दहा अंक मोजले, पुन्हा खूण केली. जागेपणी जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच लागला. पुढं जर्मनीत लोकांना स्वप्नात बैठका मारायला सांगितलं, तर त्यांना मात्र जागेपणीपेक्षा जास्त वेळ लागला. स्वप्नात श्वास रोखला तर? पलंगावरचा श्वासही रोखला जातो.

मग २०२१ साली तर कमालच झाली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स अशा चार देशांतल्या गटांनी मिळून ३६ जणांवर प्रयोग केले. आजवर स्वप्नातून बाहेर खूण यायची, आता बाहेरून आत प्रश्न पाठवायचा! झोपलेल्याच्या कानाशी हळूच विचारलं, आठातून सहा गेले, किती उरले? आणि मिटल्या पापण्यांआड डोळे दोनदा डावीकडून उजवीकडं गेले. नेहमीच असं बिनचूक उत्तर यायचं असं नाही. बहुतेक वेळा उत्तरच यायचं नाही, काही वेळा चुकीचं यायचं. पण बरोबर उत्तरंही आली, आणि झोपलेल्या माणसाकडून आली. एकाला तर तो प्रश्न स्वप्नातल्या गाडीच्या रेडिओवरून ऐकू आला!

'मलाही शिकवा' असं कोण कुजबुजलं? शिकवतो. पण आधी रोज रात्री आपण झोपेत उतरतो कसे, ते समजून घ्या.

डोळे मिटून स्वस्थ पडलं की मेंदूत सेकंदाला आठ ते बारा अशा शांत लहरी उठतात. झोप उतरू लागली की त्या विरतात आणि त्यांहून संथ लहरी येतात. मिटलेले डोळे सावकाश घरंगळतात. मधेच पायरी चुकल्यासारखं वाटून आपण दचकतो, ते याच वेळी. आणि डोळ्यांपुढं तुकडे दिसू लागतात, एखादा चेहरा, एखादी रेघ, अर्धं वाक्य. दिवसभर जे केलं तेच बहुधा. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ना, त्याची तर परीक्षाच झाली. २००० साली हार्वर्डमधल्या शास्त्रज्ञांनी काही लोकांना टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळ खेळायला लावला. झोप लागता लागता पुष्कळांना ठोकळे पडताना दिसले. त्यांच्यात स्मृती गेलेले रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी ठोकळे दिसले!

हा झोपेचा काठ मोठा सुपीक असतो. एडिसनबद्दल सांगतात की तो हातात धातूचे गोळे धरून खुर्चीत डुलकी घ्यायचा. डोळा लागला की हात सैल पडे, गोळे खाली आदळत, तो जागा होई आणि सुचलेलं टिपून ठेवी. २०२१ साली पॅरिसमध्ये १०३ जणांवर याची परीक्षा झाली. त्यांना गणितं दिली, त्यांत एक छुपी सोपी वाट होती. मग हातात वस्तू धरून वीस मिनिटं पडायला सांगितलं. जे जागेच राहिले त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना ती वाट सापडली. ज्यांना काठावरची झोप निदान १५ सेकंद लागली, त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना सापडली. आणि जे आणखी खोल गेले त्यांच्यातल्या फक्त १४ टक्क्यांना. काठावर थांबलं तर फायदा, बुडी मारली तर गेला.

तर आता सराव. पहिलं काम म्हणजे उशाशी वही. जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, आधी स्वप्न आठवायचं आणि मगच लिहायचं. लिहीत गेलात की कळेल, आपल्या स्वप्नांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. कुणाच्या स्वप्नात जुनं घर, कुणाच्या परीक्षा. त्या तुमच्या खुणा.

दुसरं काम दिवसाचं. काही विचित्र दिसलं की थांबायचं आणि मनापासून विचारायचं, हे स्वप्न तर नाही? आणि मग तपासायचं. पाटी वाचा, नजर फिरवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. स्वप्नात तरीही श्वास चालू राहतो, कारण पलंगावरचं खरं नाक कुणी धरलेलंच नसतं. दिव्याचं बटण दाबून बघा. स्वप्नात ते सहसा नीट चालत नाही, हेही हर्ननंच नोंदवून ठेवलंय. पण उगाच नाक धरत फिरलात तर स्वप्नातही उगाचच धराल आणि पुढं चालू लागाल. प्रश्न खरा पडायला हवा.

तिसरं लाबर्ज यांचं. पहाटे स्वप्नातून जाग आली की तेच स्वप्न मनात पुन्हा आणायचं. त्यात जे विचित्र होतं, तिथं आपल्याला भान आलं, असं डोळ्यांपुढं बघायचं. 'पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे', असं मनाशी म्हणत झोपी जायचं. मोठी माणसं यासाठी पाचेक तास झोपून गजरानं उठतात आणि पुन्हा झोपतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या विद्यापीठात हे सगळे उपाय एकत्र करून बघितले. आठवडाभराच्या सरावात साधारण १७ टक्के रात्री यश आलं. म्हणजे सहा रात्रींतून एक. आणि हे मोठ्या, मन लावून करणाऱ्या माणसांचं!

चौथी वाट सगळ्यांत अवघड. शरीर झोपू द्यायचं आणि आपण आतून जागं राहायचं. अंग सैल सोडायचं, श्वास मोजायचे, ते काठावरचे तुकडे येतील तसे बघायचे, धरायला जायचं नाही. या वाटेवर कधी कधी अंग जखडतं. मघाचा तो न हलण्याचा हुकूम लागू झालेला असतो आणि आपण अजून जागे. छातीवर कुणी बसलंय असंही वाटतं, आणि मग लोक भुताच्या गोष्टी रचतात. भूतबीत काही नाही. श्वास चालूच असतो, थोड्या वेळानं आपोआप सुटका होते. पण हे ठाऊक नसेल तर पाचावर धारण बसते, म्हणून ही वाट तुम्ही मोठे झाल्यावर.

भान आलं की काय करायचं? काही नाही, गडबड करायची नाही. बहुतेकांना इतका आनंद होतो की लगेच जागच येते. हातांकडं बघा, हात एकमेकांवर चोळा, मग हवं तिथं उडा. आणि दुष्ट स्वप्नांचा त्रास असलेल्यांना यातून एक मोठा आधार मिळतो. मागं लागलेल्याकडं वळून बघता येतं.

थोरल्यानं मघाशी विचारलं, याचा अभ्यासात उपयोग काय? आहे की. तो ॲसेरिन्स्की आठवा. डोळ्यांची लेखणी नाचताना दिसली, तर यंत्र बिघडलं म्हणून तो झोपायला जाऊ शकला असता. झोपलेल्यांच्या पापण्या तर माणसं हजारो वर्षं बघत आली होती. आयांनी पाळण्यातल्या बाळांच्या बघितल्या होत्या. पण 'हे असं कसं?' असा प्रश्न पडून त्याचा पिच्छा पुरवणारा तो निघाला. स्वप्नात जागं व्हायला जे लागतं, तेच शोध लावायलाही लागतं. आणि त्याची तालीम दिवसाच होते, उघड्या डोळ्यांनी. जो दिवसा कशानंच चकित होत नाही, तो रात्री कुठून होणार?

म्हणून उद्या शाळेतून येताना प्रत्येकानं रोजच्याच रस्त्यावरची एक गोष्ट आणायची, जी रोज दिसते पण नीट बघितली तर विचित्र आहे. रात्री जेवताना सांगायची. वहीसुद्धा उद्यापासून. गजर मात्र कुणी लावायचा नाही हं! तुमच्या वयाला नऊ तासांहून कमी झोप चालत नाही, आणि झोप मोडून स्वप्न शोधण्यात शहाणपण नाही. पहाटेची लांब स्वप्नं पुरी झोपणाऱ्यालाच मिळतात. चला, अंथरुणं घाला.